वरच्या झाडाच्या शेंगा

मॅडम, आज सोळा दिवस झाले तुम्हाला जाऊन, आणि अजूनही सकाळी वनस्पतिशास्त्राच्या विभागात आले की मी आधी तुमची खुर्ची पुसते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती तुम्हाला. कागदोपत्री ती खुर्ची केव्हाच दुसऱ्यांची होती, पण तुम्ही रोज यायचात, मग तिच्यावर बसायची हिंमत कोण करणार? आता नवे सर बसतात. बसू देत बापडे. त्यांना काय माहीत मी कोणासाठी पुसते.

तुमचा जन्म कुठला, पदव्या किती, हे सगळं शोकसभेत वाचून झालं. फोटोला झेंडूचा जाड हार घातला होता. तुम्ही असता तर हार बाजूला सारून पोरांना सांगितलं असतं की झेंडू हे एक फूल नसतंच, शेकडो बारक्या फुलांचा मोहल्ला असतो. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभी राहिले, "मॅडम फार शिस्तीच्या होत्या," म्हटलं आणि खाली बसले. लोकांना वाटलं, बाईला गहिवरून आलं. गहिवर होताच. पण खाली बसले त्याचं कारण दुसरंच होतं.

सभा झाली त्याच दिवशी पल्लवीचा नागपूरहून फोन आला. तुमची भाची, तुमचे मेल आता तीच पाहते. आपल्या नव्या झाडावरचा लेख छापायला जायच्या आधी शेवटचं पाहून घ्यायला मासिकानं पाठवला होता. लेखावर तुमच्यानंतर दुसरं नाव माझं, म्हणजे आता होकार द्यायला मीच उरले. संपादकांनी एकच शंका विचारली होती. शेंगांचा नमुना फुलांच्या नमुन्याच्याच जागेवरून, त्याच झाडांवरून घेतला आहे, याची खात्री करावी. हो की नाही ते तीन दिवसांत कळवावं.

मॅडम, नाही.

एवढं सांगायला मला चार वर्षं लागली, आणि सांगते आहे ते तुम्ही ऐकायला नाही तेव्हा.

मी या विभागात आले ती काही झाडं शिकायला आले नव्हते. नवरा याच कॉलेजात शिपाई होता. तो गेला आणि त्याच्या जागी अनुकंपेवर मला घेतलं. कामठ्याची बारावी पास बाई, धान आणि धानातलं तण सोडलं तर मला झाडांतलं काही कळत नव्हतं. पहिल्याच दिवशी तुम्ही वर्तमानपत्रात दाबून वाळवलेली एक डहाळी माझ्या हातात दिलीत आणि जाड कागदावर, म्हणजे शीटवर, चिकटवायला सांगितलंत. मी विचारलं, "वाळलेलं झाड कायले चिकटवाचं जी? हिरवं तं बाहेर उभंच हाये." तुम्ही वर पाहिलंसुद्धा नाही. "बाहेरचं उद्या कोणी तोडेल," म्हणालात. मला वाटलं, काय घमेंडी बाई आहे. महिनाभर मी तुमच्याशी कामापुरतं बोलत होते. तुम्हाला ते कळलंही नसेल, कारण तुम्हीही कामापुरतंच बोलायचात.

मग हळूहळू चिकटवता चिकटवता मी पाहायला लागले. पान देठाला कसं बसतं, शेंग कुठून उकलते, केस आहेत की नाहीत. तुम्ही तुमचं जुनं भिंग मला दिलंत आणि स्वतःला नवं घेतलंत. "पाहते आहेस तर नीट पाहा," म्हणालात. मला त्या दिवशी घरी जाऊन पोरांना सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार, भिंग मिळालं म्हणून?

पाच-सहा वर्षांनी आपण मुलांची सहल घेऊन चोरखमाऱ्याच्या तलावावर गेलो होतो. पाण्यात कमळ होतं आणि थोडं पलीकडे कुमुद. मी पोरांसमोर ऐटीत सांगितलं की या दोघी बहिणी आहेत. तुम्ही मला तिथंच उघडं पाडलंत. "बहिणी नाहीत. कमळाचं जवळचं नातं आपल्या फाटकाजवळच्या सिल्व्हर ओकशी आहे." मला वाटलं, बाईला ऊन लागलं. ते उंच, कोरड्या जागेतलं झाड, आणि हे पाण्यातलं फूल! मग तुम्ही काठावर बसून समजावलंत. पाण्यात जगायचं तर देठ लांब लागतो, पान पसरट लागतं, फूल पाण्याच्या वर काढावं लागतं. दोघींवर एकच वेळ आली, दोघींनी आपापल्या परीनं एकच उपाय काढला, त्यात लाखो वर्षं गेली. "समझी क्या? दिसण्यावर जाऊ नकोस. नातं फुलाच्या आत पाहायचं, परागात पाहायचं. आता तर पेशीच्या आत जाऊन पाहतात." पोरं शेंगदाणे खात होती. ऐकत होते ते मी एकटीच.

आणि तिथूनच आपलं भांडण सुरू झालं. मी एकदा चिडून म्हटलं होतं, आठवते? "माणसाईनं माणसं अलग अलग करून ठेवली, उतरंड लावली. आमच्या आज्यानं दीक्षा घेऊन त्यातून अंग काढलं. आता तुमी झाडाईच्या मांगं लागल्या." तुम्ही चहाचा कप एवढ्या जोरात ठेवलात की बशी तडकली. "उतरंड कुठं दिसली तुला इथं? दाखव मला एक. आज जिवंत असलेलं प्रत्येक झाड सारखंच जुनं आहे, गवतही आणि वडही. कोण वर, कोण खाली, हा आपला सवालच नाही. कोण कोणापासून आलं, एवढंच." मी म्हटलं, मग हद्द कोण पाडते? एक झाड कुठं संपलं आणि दुसरं कुठं सुरू झालं, हे झाडाला तरी ठाऊक आहे का? तुम्ही तडकलेली बशी बाजूला सारलीत. मग म्हणालात, "निसर्ग हद्द पाडत नाही, इंदू. त्याला घाई नाही. हद्द आपण पाडतो. म्हणून तर आपण खोटं बोलायचं नाही."

ते भांडण वीस वर्षं पुरलं आपल्याला. मी कधी पूर्ण मानलं नाही आणि तुम्ही कधी पूर्ण सोडलं नाही. चहाच्या वेळी दोघींना काहीतरी लागायचंच.

चार वर्षांपूर्वीचा भादवा. तुमचे गुडघे जेमतेम साथ देत होते, तरी आपण सकाळच्या पॅसेंजरनं दरेकशाला उतरलो. तिथलीच फुलवंताबाई आपल्याला वर घेऊन गेली. जंगलातली वाट तिच्या पायाखालची, सरपणासाठी रोज येणारी-जाणारी ती. तुम्ही दर वीस पावलांवर थांबत होतात आणि झाड पाहायला थांबल्याचं दाखवत होतात. टेकडीच्या माथ्याशी सपाट खडक लागला, त्यावर बोटभर माती, आणि त्या मातीत खुळखुळा. खुळखुळा काय आपल्याकडे कुठंही उगवतो. वाळली शेंग हलवली की आतलं बी वाजतं, लेकरं खेळतात. पण तुम्ही खाली बसलात ते अर्धा तास उठलाच नाहीत. भिंग डोळ्याला लावून एकेक फूल उलटंपालटं करत होतात.

"हा आपल्या ओळखीतला नाही," असं तुम्ही शेवटी म्हणालात, अगदी हळू, जसं कोणी ऐकलं तर पळून जाईल. मग मला खालचा नाला दाखवलात. खाली ओल, वर कोरडा खडक. वरचं बी पावसात वाहून खाली जाईल, पण खालचं बी हा चढ चढून वर कसं येणार? असं झाड हजारो वर्षं एकटं पडलं की आपल्या वाटेनं निघून जातं. "पण फुलावरून अर्धंच कळतं. याची शेंग पाहिल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही." आणि तुम्ही पर्समधून लाल दोरा काढून तीन झाडांना बांधलात.

मार्गशीर्षात शेंगांसाठी जायचं तेव्हा तुमचे गुडघे सुजलेले होते. "तू जाऊन ये," म्हणालात. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा एकटीवर सोपवलंत. मी घरी सांगून आले की आज मी मॅडमच्या ऐवजी चालले.

त्या दिवशी मालगाड्यांना वाट देत देत पॅसेंजर सालेकशाच्या अलीकडे बसूनच राहिली. दरेकशाला उतरले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि परतीच्या गाडीला दोन तास उरले होते. वर जायला तास, उतरायला पाऊण. जमलं असतं. जमलं नसतं असं मी चार वर्षं स्वतःला सांगत आले, पण पाय उचलले असते तर जमलं असतं. खरं कारण एवढंच की मला कंटाळा आला. लाईनच्या पलीकडे, नाल्याच्या काठी खुळखुळा दिसला. तेवढीच उंची, तसंच अरुंद पान, शेंगांनी लदबदलेला. फुलवंताबाई मोळी घेऊन येत होती. मला वाकलेलं पाहून थांबली.

"त्या नोको घेऊ, बाई. वरचा अलग हाये."

"अलग काऊन? दिसते तं सारखाच."

"दिसू दे. हा बकऱ्या खातेत. वरच्याले तोंड नाई लावत."

मॅडम, ते माझ्या तोंडून निघालं. दिसते तर सारखाच. तलावाच्या काठी तुम्ही ज्यावर मला सगळ्यांसमोर उघडं पाडलं होतं, तेच. आणि ती अंगठा लावणारी बाई मला बकरीवरून नातं सांगत होती, मी ऐकलं नाही. शेंगा तोडल्या, पिशवीत घातल्या आणि फलाटावर येऊन बसले. परतीची गाडीही उशिरा आली. मी तिथं दीड तास रिकामी बसून होते. टेकडी समोर दिसत होती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पिशवी उघडलीत, भिंग लावलंत आणि ओरडलात, "गुळगुळीत!" मला काही समजेना. तुम्ही भादव्यातलं फूल पुन्हा काढलंत, चिमट्यानं त्याचं पोट उघडलंत. फुलाच्या आतल्या कोवळ्या शेंगेवर दाट केस होते. पिकलेल्या शेंगेवर एकही नाही. "म्हणजे पिकताना झडतात! याच्या जवळच्या कोणातच हे नाही, इंदू. एकातही नाही!" तुमचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मग तुमचीच शिस्त तुम्हाला आठवली. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत.

"वरच्याच झाडाच्या ना?"

"हव."

"माझा दोरा होता?"

"होता न."

बस, एवढंच. "हव" म्हणायला किती वेळ लागतो? त्या क्षणी सांगितलं असतं तर तुम्ही चार शिव्या घातल्या असत्या, दुसऱ्या दिवशी मला परत गाडीत बसवलं असतं. झाड तेव्हा वर उभं होतं. पण मला तुमच्या चेहऱ्यावरचं ते काढून घेववलं नाही, आणि त्याहून खरं म्हणजे मला आळशी ठरायचं नव्हतं. एकदा विश्वासानं पाठवलं आणि बाई नाल्यावरून परत आली, हे ऐकायचं नव्हतं.

तुम्ही तेवढ्यावर कधीच निभावून नेलं नसतं. पुढच्या वर्षी पुन्हा फूल आणि शेंग दोन्ही आणायचं ठरलं. मी गेले. खरंच गेले, धापा टाकत माथ्यापर्यंत चढले. खडकाची ती बाजू खणून नेली होती. मुरूम हवा होता कोणाला तरी, कोणाला ते मला ठाऊक नाही. खुळखुळ्याची काडी नव्हती. आजूबाजूच्या दोन टेकड्या फिरले, तिथंही नव्हता. मी त्या खड्ड्याच्या काठावर बसून मोठ्यानं रडले. फुलवंताबाई म्हणाली, "झाडासाठी कोनी रडते का, माय?" तिला काय सांगणार होते.

परत येऊन मुरमाचं तुम्हाला सांगितलं. ते खरं होतं, म्हणून सांगताना जीभ अडखळली नाही. तुम्ही कपाट उघडून फुलांची शीट बाहेर काढलीत. मग म्हणालात, "म्हणजे आपल्या कपाटात आहे तेवढंच. जगात तेवढंच." आणि त्याच दिवशी लेख लिहायला बसलात. मला वाटलं होतं की झाडच गेलं तर विषयही जाईल. उलट झालं. झाड गेलं म्हणून माझ्या नाल्यातल्या शेंगांवर सगळा भार आला. दूरदूरच्या संग्रहांतून फोटो मागवलेत, चित्रं काढून घेतलीत, एकेका शब्दासाठी आठवडा आठवडा अडून बसलात. मी रोज तुमच्या शेजारी बसून शेंगेची लांबी मोजत होते आणि आतून भाजत होते. सांगायचं ठरवून यायची आणि तुम्हाला कागदांत वाकलेलं पाहून डबा उघडायची. दर महिन्याला सांगणं महाग होत गेलं.

मग तो दिवस. "नाव ठरलं," म्हणालात.

"कायचं?"

"तुझं. क्रोटालारिया इंदुमतिए, इंदुमतीचा खुळखुळा. तीस वर्षं प्रत्येक शीट तू चिकटवलीस आणि प्रत्येकीवर नाव माझं. एवढं तरी बरोबर होऊ दे."

मी उठून मागच्या नळावर गेले. तुम्हाला वाटलं, बाई आनंदानं रडते आहे.

घरी कोणाला सांगू नकोस असं तुम्ही म्हणाला नव्हतात, आणि माझ्या पोरीच्या पोटात काही राहत नाही. आठ दिवसांत कामठ्यात पोचलं. पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर मला उभं केलं, खांद्यावर शाल घातली. माझ्या मोठ्या जावेनं माईकवरून सांगितलं, "आपल्या मोहल्ल्यातल्या बाईच्या नावाचं झाड निंगालं दुनियेत. मॅडमनं नाव देल्लं." बाया माझा हात हातात घेत होत्या. एक म्हातारी विचारत होती, "कुठं हाये तं दाखव न मले ते झाड." मी म्हटलं, लांब आहे. त्या शालीचं मी काय करावं, मॅडम? ती अजून घडी करून पेटीत आहे. ती काढायची म्हटलं तर एकटीची नाही, सगळ्या मोहल्ल्याची आहे.

गेल्या सोळा दिवसांत मी तुमच्यावर रागावले आहे, तेही सांगते. कधी कधी वाटतं तुम्हाला कळलं होतं. लेखातलं शेंगेचं वर्णन तुम्ही दर वेळी मलाच मोठ्यानं वाचायला लावायचात. "तू तोडल्यास, तू वाच." वाचून झालं की माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहायचात. कळलं होतं तर माझं नाव कायले दिलं? मला बोलतं करायला? असं कोणी माणसाला कोंडतं का? आणि कळलं नव्हतं, तर जन्मभर भिंग घेऊन काय पाहत होतात, शेजारी बसलेली बाई दिसली नाही? मग लगेच लाज वाटते. पाहायचं काम तुमचं नव्हतं, सांगायचं काम माझं होतं. तुम्ही माझ्यावर संशय घेतला नाहीत, एवढाच तुमचा गुन्हा.

काल दुपारी पल्लवीला फोन करून सगळं सांगितलं. ती आधी समजलीच नाही.

"मौशी, हो लिहून टाका न. एका शेंगेनं काय होते?"

"त्या शेंगेवरच तं सारं उभं हाये, बेटा."

"पण वरचं झाड वेगळं होतंच ना? तुम्हीच तर सांगून राहिल्या, बकऱ्या खात नव्हत्या."

"हव. होतंच असंन. पण आपण जे लिहिलं ते झाड कुठंच नाई. वरचं फूल अन् खालची शेंग."

ती म्हणाली, "माझ्या मावशीनं पोरं नाही केली, घर नाही बांधलं. एवढं एकच होतं तिचं. आणि तुमचंही नाव जाईल."

"जाऊ दे."

"आईले काय सांगू मी?" असं म्हणून ती रडायला लागली आणि फोन ठेवला. तिचं काही चुकलं नाही. मीही तीन दिवस हेच मनाशी म्हणत होते. मॅडम नाहीत, टेकडी नाही, फुलवंताबाईला कोणी विचारायला जाणार नाही. हो लिहिलं तर या जगात कोणालाच कधी कळणार नाही. हेच मला सहन होईना. कोणी पकडणार असतं तर निदान पळता आलं असतं.

आणि पल्लवी बोलली त्यातलं एक मला कालपासून टोचतं. वरचं झाड वेगळं होतंच ना? होतं. फुलात होतं, बकरीच्या तोंडात होतं, तुमच्या डोळ्यात होतं. तुमचं बरोबर होतं, मॅडम. कदाचित त्याच्या शेंगेवर शेवटपर्यंत केस राहत असतील, कदाचित आणखी काही असेल जे कोणी मनातही आणलं नसेल. ते पाहायची एकच दुपार होती, आणि त्या दुपारी मी फलाटावर दीड तास बसून होते. मी तुम्हाला फसवलं, ते एका माणसाशी झालं. पण ते झाड जगात दुसऱ्या कशासारखंच नव्हतं हे सांगणारा एकच जण पाठवला होता, आणि तो अर्ध्या वाटेवरून परत गेला. त्याची माफी मागायला मी कुणाकडे जाऊ?

आज दुपारी विभागाच्या संगणकावर बसले. नव्या सरांनी विचारलं, मदत हवी का. मी म्हटलं, नको. संपादकांना लिहिलं की शेंगा त्या जागेवरच्या नाहीत, चूक माझी एकटीची आहे, मॅडमना माहीत नव्हती, लेख मागे घेत आहोत. चार ओळी. "मॅडमना माहीत नव्हती" यावर मात्र हात थांबला होता. मग तेच ठेवलं. पाठवलं.

नंतर कपाट उघडलं आणि शेंगांची शीट बाहेर काढली. तुमच्या संग्रहाची रीत मला तोंडपाठ आहे. आधीच्यानं लावलेली चिठ्ठी कितीही चूक असली तरी ती फाडायची नाही, खोडायची नाही, तिच्यावर दुसरी चिकटवायची नाही. ज्याला वेगळं वाटतं त्यानं आपली चिठ्ठी शेजारी लावायची आणि खाली नाव घालायचं. मोठमोठ्या लोकांच्या अशा कितीतरी चिठ्ठ्या मी चिकटवल्या आहेत. स्वतःची कधी लिहिली नव्हती, माझ्यासारख्या परिचरानं लिहायची नसते. आज लिहिली.

"या शेंगा वरच्या खडकावरच्या नाहीत. खाली नाल्याकाठच्या झाडाच्या आहेत. मी तोडल्या. वरच्या झाडाची शेंग कोणी पाहिलेली नाही. इंदुमती."

शीटच्या उजव्या कोपऱ्यात तुमची चिठ्ठी आहे. तुमचं ते बारीक, सरळ अक्षर. जागा, दिवस, क्रमांक, आणि शेवटच्या ओळीत, "शेंगा त्याच झाडांच्या. खात्री: इंदू." ती मला काढता येत नाही, मॅडम. तुमचाच नियम आहे.